चिमीने मागितलेली माफी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, रागात असला तरी वाकून, नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील, भाऊजींचा खोकला थांबला असेल. आमच्या तब्येती ठीक. मनःस्थितीचं मात्र विचारू नकोस, ती तुझ्यामुळेच बिघडली आहे.

पोरीला सिस्टरांच्या शाळेत घाल, तिचं सोनं होईल, असं तूच म्हणाली होतीस. (तू स्वतः तिथे शिकलीस आणि अजून सगळ्यांच्या चुका काढतेस, हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.) तर झालं सोनं. चिमीचं अक्षर मोत्यासारखं, बूट स्वतः पुसते, जेवताना मचमच करत नाही आणि मी केली की माझ्याकडे नुसती बघत राहते. इथवर ठीक होतं. पण तिथे मुलांना एक सवय लावली आहे. झोपण्याआधी डोळे मिटून आज आपलं काय चुकलं ते आठवायचं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागायची. आता तिसरीतल्या मुलीच्या चुका त्या किती असणार? तिचा साठा लवकरच संपला आणि तिने आमच्या चुका हाती घेतल्या.

आमच्या वरच्या मजल्यावर गाण्याच्या निवृत्त बाई राहतात. त्यांनी माझ्या दुकानातून चष्मा घेतला. फ्रेम काळी, जाड, बरेच दिवस पडून राहिलेली. किती तरुण दिसता, असं मी म्हणालो. (चष्म्याच्या दुकानात दुसरं काय म्हणतात?) रात्री जेवताना मात्र बायकोला सांगितलं, की बाई त्यात दचकलेल्या घुबडासारख्या दिसतात. बायको ठसका लागेपर्यंत हसली. चिमी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली, दप्तरासकट थेट वर गेली आणि हात जोडून म्हणाली, की बाबा तुम्हाला घुबड म्हणाले, आई हसली, दोघांनाही माफ करा. खाली येऊन आईला सांगते, आता कसं हलकं वाटतंय.

संध्याकाळी तो चष्मा आमच्या दाराच्या कडीला लटकत होता. बाईंचं बोलणं बंद, गाणंही बंद. जिना चाचपडत उतरायच्या आणि मी हात पुढे केला, की कठडाच आणखी घट्ट धरायच्या. बायको माझ्यावर उखडली, जणू ती हसलीच नव्हती.

मी तडक शाळेत गेलो आणि मुख्याध्यापिका सिस्टरना चांगलं खडसावलं, की मुलीला इथे शिकायला पाठवलंय, घरातलं चव्हाट्यावर आणायला नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्याच्या वाटची माफी आपण मागायची नसते, हे चिमीला समजावते म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून विचारलं, "म्हणजे तुमच्या वाटची अजून राहिलीच की?"

गेलो वर. बाईंनी आत घेतलं, पाणी दिलं. मी कसंबसं बोललो. त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आरशात मला दिसत होतं रे. पण जो तो छान म्हणायचा. वाटलं, माझी नजरच गेली."

ताई, मला मान वर करवेना.

दुसरी फ्रेम हवी, पण ती चिमी निवडेल, असं त्यांनी बजावलं. चिमीने बारीक तांबूस फ्रेम काढली. शोभली. गाणं पुन्हा सुरू झालं (भल्या पहाटे, माझ्या उशीच्या बरोबर वर), आणि बाईंनी गल्लीभर चिमीची कीर्ती केली. आता गिऱ्हाइकं येतात, "ती शाळेतून कधी येते?" एवढंच मला विचारतात आणि बाकावर बसून राहतात. परवा एका गृहस्थांना तिने सांगितलं, की तुम्हाला चष्मा नको, झोप हवी. ते तिचे आभार मानून घरी गेले! माझ्याच दुकानात मला काडीची किंमत उरलेली नाही. तेव्हा कृपा करून त्या शाळेचा सल्ला यापुढे कुणालाही देऊ नकोस.

तुझा वैतागलेला,
भाऊ

ता. क. पत्र चिमीने वाचलं. सिस्टरना मी खडसावलं वगैरे नाही, माझा आवाजच फुटत नव्हता, असं तिचं म्हणणं आहे. (ती दारात उभी होती.) हे लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही.

आणखी एक. चिमीचा धाकटा भाऊ यंदा शाळेत जायचा आहे. काल त्याने बरणी फोडली आणि शांतपणे आईचं नाव सांगितलं, इतकं बेमालूम, की क्षणभर तिलाही खरं वाटलं. सिस्टर तुझा शब्द मोडत नाहीत. जागा भरायच्या आत त्याच्यासाठी एवढं बोलशील का? नाहीतर हा अगदी माझ्यावर जाणार.