फुली मारलेला ट्रक

१९ जानेवारी, तामसी
वही, माफ कर. आठ दिवस तुला हात लावला नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं.
कंपनीतून ट्रक आला – तीन महिने वाट पाहिली तो! लाल निघाला. आम्हाला पांढरा हवा होता. आत एसी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सीटमागे माणूस पाय पसरून झोपेल एवढा पलंग! त्यापायी मागची बॉडी आखूड. टोमॅटोचे वीस कॅरेट कमी बसणार.
"आपन भाजी नेतो बाबा, वरात नाई," संतोष म्हणाला. पोरगं फार चिडलं आहे.

२० जानेवारी
संतोष आदिलाबादला शोरूमवाल्याशी भांडायला निघाला. मीही गेलो. शोरूमवाल्याने कागदच पुढे केला. "चाचा, निशान तो आपके ही हैं."
माझेच होते! ट्रक माझ्या नावावर, म्हणून कागद मी भरला होता. संतोष तेव्हा बाहेर फोनवर. तो माणूस वाचत गेला, मी खुणा करत गेलो. शाळेत गुरुजी चुकलेल्या गणितावर फुली मारायचे. तसं जे नको, त्यावर मी फुली मारली. लाल – फुली. एसी – फुली. पलंग – फुली, दोनदा गिरवून! कंपनीने फुल्या पाहिल्या आणि तेच सगळं पाठवलं.
दोनदा का गिरवली, ते तिथे बोललो नाही. पलंग असला की पोरगं लांबच्या खेपा घेणार, कुठेही झोपणार. नसला की दिवस मावळता घरी. माझ्या जिवाला तेवढंच पुरे.
संतोष हसत सुटला. "बाबा, तिसरीत शाळा सोडली ते गुरुजीवर उपकारच केले तुमी!"
गाडीला अजून पक्का नंबर पडला नाही, म्हणून बदलून देतो म्हणाले. उद्या परत द्यायचा. हायसं वाटलं.

२१ जानेवारी
सकाळी अंगणात पाहतो तर ट्रकला हळदकुंकू, झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबं! आमची घरधनीण प्रयागबाई ओवाळत उभी. "संतोष, घे पुढं." आणि त्याने घेतला! लिंबं फुटली.
"अवो, हे काऊन केलं? परत द्यायचा होता ना!"
"ओवाळलेली लक्षुमी कोनी परत पाठवते का?"
संपलं. आता तो आमचाच.
संतोष हळूच म्हणाला, हैदराबादची खेप मिळून राह्यली. एकच रात्र, बाबा.
मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "तुमी बाजार-बाजार हिंडत होता, तवा मी नाई राह्यली एकटी?"
मी फुटलेली लिंबं वेचायला लागलो.

२२ जानेवारी
लाल रंग उन्हात बरा दिसतो. एसी लावून अर्धा तास बसलो. पलंगावर पाठही टेकली. मऊ आहे! कोणाला कळू देऊ नको.

२४ जानेवारी
ट्रक हैदराबादला गेला, वांगी भरून. आणि पलंगावर उशी, भाकरीचं गाठोडं घेऊन प्रयागबाई! आमच्या लेकीचं, मंजुषाचं, तिथलं घर हिने नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं, गुडघ्यांपायी बसमध्ये बसवत नाही म्हणून. आठ दिवस राहणार म्हणे. मला विचारलं नाही, सांगितलं. निघताना काचेतून हात हलवला – नव्या नवरीसारखा!
चार वाजले. वाटेतलं निर्मल गाव मागे पडलं असेल. पोचल्याबरोबर फोन करा गं. नाहीतर वाटेतूनच करा.