वहीतली उष्णता

सर, तुमच्या वहीने माझा जीव नकोसा केलाय. इंदूरला समुद्र नाही, तरी तुम्ही कोकणातून कॅन भरभरून खारं पाणी आणून समुद्री शेवाळ वाढवलंत, आणि आता माझी विद्यार्थिनी तेच करतेय. भरती-ओहोटीच्या मधल्या खडकांवरचं ते पातळ हिरवं पान कशामुळे वाढ थांबवून बीजाणू सोडतं, उन्हामुळे, खारटपणामुळे की आणखी कशामुळे, हा तिचा विषय. तुमच्या वहीत उत्तर तयार आहे, 'उष्णतेने', आणि खाली दोन रेघा. रेघा मारायची तुम्हाला भारी घाई.

तिने तीन वेळा शेवाळाच्या बरण्या तापवल्या. वाढ मंदावते, बीजाणू काही सुटत नाहीत. काल रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, सरांच्या कॉपीत लिहिलंय म्हणजे गलती माझीच ना? मी टॉपिकच बदलून टाकते." मी तिच्यावरच खेकसले, आधी बरण्या नीट धुवायला शीक म्हणून. आवाज अगदी तुमचा.

तो मे महिना आठवतो. तुम्ही बेटम्याला लग्नाला गेलेले, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे. वीज जाते, पंखे बंद, खोलीची भट्टी. तिसऱ्या दिवशी तुम्ही येता तेव्हा पानाच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, पाणी हिरवट गढूळ. मला वाटतं, मेलं, आता माझी धडगत नाही. तुम्ही एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरता आणि चक्क हसता. "मेलं नाहीये गं, बीजाणू सोडलेत. गर्मीने काम केलं. शाब्बास, सांभाळलंस." सगळ्यांना पोहे-जलेबी, मला तुमचं शाईचं पेन.

दोन वर्षं तुम्ही मला नुसतं झापलं होतंत. तुमच्याकडून शाब्बासकी मिळाल्यावर कोण तोंड उघडणार? आणि उकाड्याखेरीज काय बदललं, हे तुम्हीही विचारलं नाहीत. एवढे शिकलेले तुम्ही.

पाण्याला वास येत होता, सर. आमच्या घरी शिळं पाणी ठेवत नाहीत. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी मी बरण्यांतलं सगळं ओतून टाकून कॅनमधलं ताजं पाणी भरलं. पानाने स्वतःच जुन्या पाण्यात सोडलेलं काहीतरी बीजाणूंना रोखून धरतं, हे मी पुढे शिकले, आणि तरी गप्प बसले.

आज तिच्या एका तापवलेल्या बरणीतलं पाणी मी बदललंय, तिला न सांगता. परवा बीजाणू सुटलेले बघून ती पळत येईल आणि पुन्हा 'उष्णतेने' लिहील. हा कागद तिला सापडावा म्हणून तुमच्या वहीत ठेवणार होते. पण मग तुमच्याकडून मिळालेली माझी एकुलती एक शाब्बासकी जाते. घडी करून पर्समध्ये टाकलाय.