तलावाचा कोरडा काठ

दिशाताई,

हे पत्र तुला पाठवायचं नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

रत्नागिरीहून तीन दिवस सायकल चालवत तुझा भाऊ सोहम आणि मी त्या मोठ्या तलावाकाठी पोचलो. सोहम लाकडं गोळा करायला गेला, तेव्हा मासे पकडणारे धाकूकाका मला म्हणाले, "इथं तंबू नको ठोकूस. वरनं सुकलेला दिसतोय, खाली गाळ हाय. माणूस गिळतो."

माझे पाय पार गळून गेले होते. पुढे जावं लागू नये म्हणून मी सोहमला काहीच सांगितलं नाही.

सकाळी तो बाटल्या भरायला उतरला आणि बघता बघता छातीपर्यंत रुतला. मी काठावरच उभा राहिलो.

काल तू विचारलंस, "शेवटी काही बोलला का रे तो?"

मी नाही म्हटलं.

ताई, तो मलाच हाका मारत होता.

निनाद