तिला ऐकू आलेला हॉर्न

पोलादपूर, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज पुन्हा रस्त्यावरून "गुरुजी" अशी हाक ऐकली. खिडकीतून पाहिलं तर कुणी नव्हतं. तुडीलच्या काकाचं वेड अशाच हाकांपासून सुरू झालं होतं. म्हणून बायकोला विचारलं, रोज विचारतो तसंच, "सुनंदा, हाक आली ना?"

विळीवरून मान वर न करता ती म्हणाली, "हो, आली की."

जीव भांड्यात पडला. मग काय दुर्बुद्धी सुचली, विचारलं, "आणि आत्ता टेम्पोचा हॉर्न?" हॉर्न वाजलाच नव्हता.

"हो, तोही."

म्हणजे रोज माझं मन राखत होती? की हॉर्न खरंच वाजला, आणि मलाच... आता विचारू कुणाला?

आतून जेवायची हाक आली. उठलो नाही. दुसऱ्यांदा येते का, त्याची वाट बघतोय.