एक्सिलेटरखालचं लिंबू

बाबा, आज दसरा. सकाळपासून खाली हॉर्न वाजून राह्यले, हार घातलेल्या गाड्या लिंबावरून चालल्या, अन् मले तुमच्यावर भयंकर राग येऊन राह्यला. मेलेल्या माणसावरचा राग काढावा कुठी, सांगा! म्हणून लिहून राह्यली.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमधले ते दिवस. लकव्यानं तुमचा उजवा हात गेला, वीज केंद्राच्या कामगारांची शिफ्टची बस तुम्ही चालवायचे, ती हातातून गेली, अन् तुम्हाले स्टोअरमधल्या स्टुलावर बसवलं. दिवाळीनंतर डॉक्टर पुन्हा तपासणार होते. हात चालला तर ड्यूटी परत. तेवढ्या एका गोष्टीवर तुम्ही जगत होते. मी तेव्हा चंद्रपूरले कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथी कपाटावर कार रेसच्या गेमचं जुनं स्टेअरिंग धूळ खात पडलं होतं, पायात दाबाची दोन पायडलं त्याले जोडलेली. सर म्हणाले, "घेऊन जा बाई, जागा तरी होईल." मी ते आणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरले लावलं.

तुम्ही टेबलासमोर बसता. आधी स्टेअरिंगले हात लावून कपाळाले लावता. मग डाव्या हातानं उजवा उचलून वर ठेवता, अन् गाडी सुरू. बाकीच्या गाड्या सुसाट पळतात, तुम्ही आपले डाव्या बाजूनं, वळणावर हळू, मागच्याले साइड देत. रोज शेवटचा नंबर. "अहो बाबा, रेस आहे ते, दाबा ना!" "माह्या गाडीत माणसं बसली असतात वं पोरी." आई सैपाकघरातून ओरडते, "त्याईले उतरवा अन् जेवाले या!" किती हसायचो आपण. अन् खरंच तुमची बोटं वळाले लागली होती, बाबा. मी माह्या डोळ्यानं पाहिलं.

मग तो दसरा आला. दरसाल तुम्ही बसची पूजा करायचे, त्या साली बस दुसऱ्याच्या हातात. मी क्लासमधून घरी आली तं स्टेअरिंगले झेंडूचा हार, कुंकू, अन् चाक नाई म्हणून लिंबू एक्सिलेटरच्या पायडलखाली. तुम्ही पूर्ण पाय दिला होता. सारा रस आत. त्यानंतर गाडी जागची हललीच नाई. चंद्रपूरच्या दुकानदारानं खोलून पाहिलं अन् मान हलवली. हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाई, अन् नव्या स्टेअरिंगची पिन आपल्या कॉम्प्युटरले बसत नाई. "काऊन केलं बाबा असं?" मी तुमच्यावर ओरडली. तुम्ही म्हणाले, "पूजा केल्याशिवाय गाडी कशी काढावी?" मग तो हात मांडीवर पडून राह्यला, बोटं पुन्हा आखडली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली, "दाबा." तुमच्यानं दाबणं झालं नाई. तुम्ही घाईघाईनं म्हणाले, "साहेब, मी कॉम्प्युटरवर चालवत होतो, विचारा हिले." डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता, हसू आलं म्हणून हसला. अन् त्याच्यासोबत तुम्हीही हसले. ते तुमचं हसणं मले आजही सहन होत नाई. राग त्याचाच आहे, लिंबाचा नाई. नंतर तुम्ही कोणाच्याच गाडीत समोरच्या सीटवर बसले नाई, अन् पुढचा दसरा यायच्या आत गेलेही.

हे पत्र टाकू कुठी? ठेवूनही काय करू? एवढंच सांगायचं होतं की लिंबू नसतं तरी तो हात आला नसता, हे आता मले समजते. तेव्हा समजत नव्हतं. तपासणीले निघायच्या आधी मी तुमचा खाकी शर्ट इस्त्री करून दाराच्या मागे टांगून ठेवला होता, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शिफ्टसाठी.