नाब्लुसच्या इतिहासातलं आमचं पान

फख्री काका,

तुमचा 'नाब्लुसचा इतिहास' मिळाला. आपला दक्षिणेचा जर्झीम डोंगर तुम्ही उत्तरेला ठेवलात. तुमच्या अम्मानच्या गच्चीवरून तो तसाच दिसत असेल. पण आजोबांना साबण कारखान्याचे मालक केलंत! ते तिथे कढई ढवळायचे. त्यांचे भाजलेले हात लपवून कसली अब्रू मिळते?

बाबांना वाचता येत नाही. काल म्हणाले, "पोरी, आपलं पान वाच." मी 'मालक'च्या जागी 'कढई ढवळणारे' वाचलं. बाबा आईला म्हणाले, "ऐकलंस? साहेब झाला, पण बापाची कढई विसरला नाही!"

बाबांच्या घरात वाचायला शिकलेली मी पहिली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं वाचलं, तेही तुमच्यासाठी. ते उघडं पडू नये, म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुमची लाज राखणारी,
सुहैर