घोरणं समजले ते

६ फेब., सोम.
फजिती! चार नंबर बेडच्या मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी नाचायला लागली म्हणून बोंब ठोकली, ‘कदम सर, धावा!’ शॉकचं मशीन ओढत अख्खं आयसीयू आलं, तर आजोबा निवांत दात घासतायत. हात हलला की रेघ तशी दिसते म्हणे. दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी मी दंतमंजनवाली. सर म्हणाले, ‘तुझं डोकं व्हेंटिलेटरमध्येच अडकलंय. जरा हृदयाकडे बघायला शिक.’ बरोबर आहे त्यांचं, मी पडले श्वासाच्या मशीनची टेक्निशियन. पण सगळ्यांसमोर?

८, बुध.
ठोके ओळखायची परीक्षा येत्या सोमवारी. मागच्या वेळी नापास. आता उडाले तर आयसीयू सोडून ओपीडीत वाफारे देत बसायचं. मांडव्याहून येताना बसमध्ये ईसीजीच्या पट्ट्या पाहिल्या. सगळ्या सारख्याच मेल्या.

११, शनि.
दुपारी दोन नंबर बेड. म्हात्रेकाका. परवा अटॅक आला होता, काल मजेत मिठागराच्या गोष्टी सांगत होते. अलार्म वाजला. तीच नाचणारी रेघ. परत हसं नको म्हणून आधी वायरी दाबल्या, छातीवरचं स्टिकर बदललं. काका घोरत होते. म्हटलं श्वास चालू आहे. श्वास म्हणजे माझंच काम ना! नाडी बघितलीच नाही. आणि ते घोरणं नव्हतंच. हृदय बंद पडल्यावरची घरघर. मिनिट गेलं, जास्तही असेल. ओठ निळे पडले तेव्हा मी ओरडले. दोन शॉक. ठोके आले, काका नाही आले.

१२, रवि.
काका डोळे उघडत नाहीत. त्यांचा व्हेंटिलेटर मीच सांभाळते.
सरांना सांगायला गेले. ‘पहिल्यांदा घाबरायला होतंच गं,’ म्हणाले नि निघाले. विचारलंच नाही काही. आणि मी पण तसंच जाऊ दिलं... छे.

१३, सोम.
पास. सगळ्या पट्ट्या ओळखल्या, एकही चुकली नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले.
बाहेर बाकावर म्हात्रेकाकू. माझा हात धरला. ‘तू व्हतीस म्हणून हाय तो. लगेच धावलीस ना, बाय?’
मी मान हलवली. हो म्हणून! कशी हलवली?
काका तसेच. सर चार वाजता राउंडला येतात. आज सांगणार, ते वाया घालवलेलं मिनिट. आधी काकूंना, की सरांना?